बाटली न दाखवणारी जाहिरात



'जाहिरात' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतला 'जाहिर' हा शब्द तुम्ही नेहमी वापरता. जे झाकलेले नाही, उघड आहे, ते जाहिर. त्याच शब्दावरून मराठीत 'जाहिरात' आला. तुम्ही तिला इश्तिहार म्हणता. आज मात्र आपण अशी एक जाहिरात पाहणार आहोत, जी आपला खरा माल झाकून ठेवते. ती म्हणजे दारूची जाहिरात.

"आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही, मग हा धडा आम्हांला कशाला?" असे तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. पण जाहिरात दार वाजवून, परवानगी मागून आत येत नाही. ती क्रिकेटच्या सामन्याबरोबर येते, चित्रपटातील गाण्याबरोबर येते. घरातील सर्वांबरोबर बसून तुम्ही ती पाहिलेली असते.

परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, तुम्ही कोठेही राहत असा, रस्त्याने जाताना दुकानांचे फलक वाचत चला. मराठी वाचनाचा तो चांगला सराव आहे. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' असा फलक कोठेतरी दिसेलच. 'सरकारमान्य' याचा अर्थ एवढाच, की दुकानदाराने शुल्क भरून परवाना घेतला आहे. दारू चांगली आहे असे सरकारचे मत आहे, असा त्याचा अर्थ नाही. उलट, आरोग्याला घातक अशा मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे आपल्या संविधानाच्या ४७ व्या कलमात सांगितले आहे. दुसरा फलक 'परमिट रूम'चा. महाराष्ट्रात दारू पिणाऱ्यालाही परवाना लागतो, म्हणून हे नाव पडले. २१ वर्षांखालील कोणालाही बिअरसुद्धा विकता येत नाही आणि देशी दारू, व्हिस्की यांसाठी तर २५ वर्षांची अट आहे. शाळेतल्या मुलाला कोणी दारू विकली, तर तो सरळ गुन्हा आहे.

दारूच्या जाहिरातीला आपल्या राज्यात फार पूर्वीपासून मनाई आहे. ती मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात आहे. या कायद्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५१ मध्ये त्याचा निकाल लागला. दारूची नुसती स्तुती करणे हा गुन्हा ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र 'दारू घ्या' असे आवाहन करणाऱ्या जाहिरातीवरील बंदी कायम राहिली. पुढे घरोघरी केबल टीव्ही आला आणि त्याच्या नियमांतही २००० साली दारू व तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली.

मग कंपन्यांनी काय केले? बाटली काढून घेतली आणि नाव ठेवले. त्याच नावाचा सोडा आला, पिण्याचे पाणी आले, गाण्यांच्या कॅसेट आणि सीडी आल्या. २००५ मध्ये एका बिअरच्या नावाची विमान कंपनी निघाली. ती २०१२ मध्ये बंद पडली. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा एका संघाचे नाव व्हिस्कीच्या नावावरून ठेवले गेले. (ही नावे मी मुद्दामच देत नाही. नाहीतर या धड्यातच एक जाहिरात व्हायची!) या जाहिरातींत अक्षरे तीच, रंग तेच, मित्रांची मैफलही तीच असते. फक्त पेल्यात सोडा असतो, असे आपण समजायचे.

केवळ नावात एवढे काय आहे, असे तुम्ही विचाराल. अनोळखी माणसाने दिलेली वस्तू आपण घेत नाही, ओळखीच्याने दिलेली घेतो. जाहिरातीचे काम ही ओळख करून देण्याचे आहे. बारा वर्षांचा मुलगा आज बाटली विकत घेणार नाही, हे कंपनीलाही ठाऊक असते. पण पुढे चार वर्षांनी लग्नाच्या वरातीत किंवा सहलीत एखादा मित्र बाटली पुढे करतो, तेव्हा तिच्यावरचे नाव त्या मुलाला ओळखीचे वाटते. त्याची भीती निम्मी झालेली असते. आणि आपण स्वतःच्या मनाने ठरवले, असेच त्याला वाटते.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या मुलामुलींचा तेथील संशोधकांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. ज्या मुलग्यांना पंधराव्या वर्षी दारूच्या जाहिराती अधिक आठवत होत्या, ते अठराव्या वर्षी अधिक बिअर पीत असल्याचे त्यांना आढळले. हा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळा दोष जाहिरातीचा, असे यावरून म्हणता येत नाही. घरातले वातावरण, मित्र, दारूची किंमत या गोष्टीही असतात. पण जाहिरातीचा काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणेही कठीण झाले.

चित्रपटाचे तर विचारूच नका. तुमच्या आजोबांना जॉनी वॉकर हे नाव विचारा. ते लगेच हसतील. त्यांचे खरे नाव बदरुद्दीन जमालुद्दीन काझी. ते मुंबईत बसचे वाहक होते. दारुड्याची नक्कल ते इतकी हुबेहूब करीत, की गुरुदत्त यांनी त्यांना एका विलायती व्हिस्कीचे नाव दिले. पडद्यावर त्यांनी दारुडे रंगवले आणि देशभर लोकांना हसवले. प्रत्यक्षात मात्र ते दारू पीत नसत! पडद्यावरची नशा हा अभिनय होता, पण त्यामुळे व्हिस्कीचे ते नाव घरोघरी पोहोचले. ज्या घरांत दारूचा थेंबही येत नव्हता, तेथेही पोहोचले.

आता छुप्या जाहिरातीबद्दलचा एक नियम पाहा. दारूच्याच नावाने दुसऱ्या वस्तूची जाहिरात करायची असेल, तर ती वस्तू बाजारात खरोखर मिळाली पाहिजे. नुसते दाखवण्यापुरती असून चालत नाही. नियम मोडलेला दिसला, तर मुंबईत १९८५ पासून काम करणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे कोणीही तक्रार करू शकतो.

पुढच्या सामन्याच्या वेळी अशा सोड्याची किंवा पाण्याची जाहिरात लागली, की तिचे नाव वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर किंवा मोठ्या भावाबरोबर किराणा दुकानात जा, ती वस्तू मागा आणि दुकानदार काय म्हणतो ते ऐका.