केशर बियाण्यातून उगवत नाही

केशर हे इरिडेसी कुलातील कंदवर्गीय फुलझाड आहे. 1753 साली लिनियसने त्याला ‘क्रोकस सॅटायव्हस’ हे शास्त्रीय नाव दिले. फुलबाजारात दांड्यांच्या जुड्यांनी विकला जाणारा ग्लॅडिओलस याच कुलातला. अहिल्यानगर जिल्ह्यात केशराची शेती परंपरेने कधीच नव्हती. तरीही केशराच्या नावाने इथे बरेच काही ऐकू येते. त्यातला एक गैरसमज शेतकऱ्याचा हंगाम आणि पैसा दोन्ही बुडवतो, म्हणून त्याचा विचार आधी करायला हवा.

गैरसमज : ‘अमेरिकन केशरा’चे बी पेरले की आपल्या रानातही केशर पिकते.

वस्तुस्थिती : केशराला बीच धरत नाही. केशराच्या गुणसूत्रांचा मूळ संच 8 चा आहे. केशरात असे तीन संच, म्हणजे 24 गुणसूत्रे असतात. बीजासाठी लागणाऱ्या जननपेशी तयार होताना गुणसूत्रांची दोन समान भागांत वाटणी व्हावी लागते आणि तीन संचांची तशी वाटणी होत नाही. त्यामुळे केशराचे झाड वंध्य असते. काश्मीरमधील पांपोर असो की इराण, केशराची लागवड कंदांनीच होते. पिशवीत बी भरलेले असेल, तर ते केशराचे नाही. एवढा एकच मुद्दा ध्यानात राहिला, तरी पुढची सगळी फसवणूक टळते.

मग त्या पिशवीत काय असते? बहुतेक वेळा करडई. शेतकऱ्यांना करडईचे बी ‘अमेरिकन केशर’ म्हणून चढ्या भावाने विकल्याचे प्रकार महाराष्ट्रात आणि बाहेरही घडले आहेत. याची चीड यावी असे कारण आहे. करडई या मातीला नवखी नाही. काळ्या रानातल्या रब्बी ज्वारीभोवती तिचे काटेरी पट्टे पेरण्याची पद्धत जुनी आहे. काट्यांमुळे जनावरे आत शिरत नाहीत आणि घरच्यापुरते तेलही मिळते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’ असे वाण दिले आहेत. बिनकाट्याची करडई हीदेखील कुठली परदेशी जादू नव्हे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा ‘नारी-6’ हा वाण बिनकाट्याचाच आहे. आपलेच पीक परके नाव देऊन आपल्यालाच विकले जाते आणि माल तयार झाल्यावर केशराच्या भावाने घेणारा कोणी भेटत नाही.

दोन्ही झाडे शेजारी ठेवली, तर घोटाळा व्हायचे कारण उरत नाही. करडई सूर्यफुलाच्या कुलातली. तिला खोड असते, फांद्या असतात, खोल जाणारे सोटमूळ असते. फांदीच्या टोकावरच्या बोंडात नळीसारखी असंख्य बारीक फुले दाटलेली असतात. ती आधी पिवळी असतात आणि सुकताना केशरी-लाल होतात. केशराला जमिनीवर खोडच नसते. गवतासारख्या अरुंद पानांच्या मधोमध पांढरी रेघ असते आणि जांभळे, सहा पाकळ्यांचे फूल थेट जमिनीतून वर येते. त्याचा अंडाशयसुद्धा जमिनीखालीच असतो.

गैरसमज : केशर म्हणजे फुलातले पुंकेसर.
वस्तुस्थिती : नावातील साम्याने हा घोटाळा होतो. केशराचे तीन पुंकेसर पिवळे असतात आणि ते वापरत नाहीत. ज्यांना आपण केशर म्हणतो, त्या लाल काड्या म्हणजे स्त्रीकेसराच्या कुक्षी. एका फुलात त्या तीनच असतात. म्हणूनच एक किलो सुक्या केशरासाठी साधारण दीड लाख फुले खुडावी लागतात.

गैरसमज : केशराचा कांदा आपल्या कांद्यासारखाच.
वस्तुस्थिती : आडवा कापून पाहावा. कांद्यात पापुद्र्यांवर पापुद्रे दिसतात, केशराचा कंद बटाट्यासारखा भरीव असतो. अशा कंदाला दृढकंद म्हणतात.

गैरसमज : अकोले तालुक्याच्या डोंगरांत रानकेशर उगवते.
वस्तुस्थिती : क्रोकसची एकही जाती सह्याद्रीत रानात उगवत नाही. केशर तर जगात कुठेच रानटी अवस्थेत सापडत नाही. त्याचा रानटी पूर्वज क्रोकस कार्टराइटियानस हा ग्रीसमधला, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी दाखवून दिले. हरिश्चंद्रगडासारख्या डोंगरांवर पावसाच्या सुरुवातीला कंदांतून वर येणारी पांढरी फुले बहुधा पँक्रॅटियमची असतात. ती कांद्याच्या कुलातली. या फुलांचा अंडाशयही इरिडेसीप्रमाणे पाकळ्यांच्या खालीच असतो, त्यामुळे तेवढ्यावरून ओळख पटत नाही. पुंकेसर मोजावेत. इरिडेसीत ते तीन असतात, पँक्रॅटियममध्ये सहा.

गैरसमज : नागकेशर हा केशराचाच प्रकार.
वस्तुस्थिती : नागकेशर हा सदाहरित वृक्ष आहे. केशराशी त्याचे नाते फक्त नावाचे.

गैरसमज : महाराष्ट्रात केशर फुलणे अशक्य.
वस्तुस्थिती : उघड्या रानात ते परवडत नाही, कारण फुलायला साधारण 15 ते 17 अंश सेल्सिअस इतकी थंडी लागते. बंद खोलीत तापमान नियंत्रित करून राज्यात काही जणांनी केशर फुलवले आहे. पण तेही कंदांपासून, बियाण्यापासून नव्हे.

गैरसमज : पाण्याला पिवळा रंग आला, म्हणजे केशर अस्सल.
वस्तुस्थिती : करडईच्या पाकळ्यांतूनही पिवळा रंग उतरतो. रंगापेक्षा काडीचा आकार पाहावा. भिजल्यावर केशराची काडी लालच राहते आणि तिचे एक टोक तुतारीसारखे रुंद दिसते. करडईची पाकळी उलगडली की पाच बारीक फाटे दिसतात.

गैरसमज : रानातला कंद चाखून ओळखता येतो.
वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक समज. पावसाळ्यात सह्याद्रीत सर्रास दिसणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे विष असते आणि ते जीव घेऊ शकते. युरोपात शरद ऋतूत फुलणारे कोल्चिकम हे कळलावीच्याच कुलातले. त्याचे जांभळे फूल केशरासारखे दिसते, पण त्यात पुंकेसर सहा असतात आणि विष तेच असते. ओळख फुलावरून पटवावी. फूल नसेल, तर ते येईपर्यंत थांबावे. कंद तोंडात घालू नये.