संगणकातील सामायिक भांडी

घरात लग्नकार्य निघाले म्हणजे समाजाची मोठी पातेली, पराती व झारे मागून आणावयाचे आणि कार्य आटोपताच घासूनपुसून पोचते करावयाचे, ही रीत आमच्या वाचकांस नवी नाही. वर्षाकाठी एकदा लागणारे शंभर पानांचे पातेले प्रत्येक घराने बाळगावे तरी कशाला? लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीने हाच व्यवहार आपल्या अंतरंगात मांडला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नेहमीचा मोफत आधार संपला, आणि जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स बसवावे, असा विचार पुष्कळ घरांत होऊ लागला. अशा घरांस या सामायिक भांड्यांची ओळख असणे अगत्याचे आहे.

येथे 'लायब्ररी' म्हणजे पुस्तकांचे दालन नव्हे. चित्र उलगडणे, मजकूर गुप्त करून पाठविणे, अक्षरे जुळविणे अशी अनेक प्रोग्रॅमना लागणारी कामे एकदाच लिहून स्वतंत्र फाइलीत ठेवतात. ती फाइल म्हणजे लायब्ररी. लिनक्समध्ये तिच्या नावात 'एसओ' ही अक्षरे असतात. विंडोजच्या 'डीएलएल' फाइली याच जातीच्या. प्रोग्रॅम सुरू होताना प्रणालीतील 'लोडर' त्याला हव्या असलेल्या लायब्रऱ्यांची यादी वाचतो व त्या शोधून जोडून देतो. दहा प्रोग्रॅम एकाच वेळी तीच लायब्ररी वापरीत असले, तरी तिच्यातील आज्ञांची एकच प्रत संगणकाच्या स्मृतीत पुरते. तुटपुंज्या स्मृतीच्या जुन्या यंत्रास ही काटकसर मोलाची ठरते.

मराठी माणसास जिव्हाळ्याचे उदाहरण द्यावयाचे तर 'हार्फबझ' या लायब्ररीचे देता येईल. बेहदाद एस्फाबोद या मूळच्या इराणी संगणकतज्ज्ञाचे नाव तिच्याशी निगडित आहे, आणि तिच्या फारसी नावातील 'हर्फ' म्हणजे अक्षर. 'आचार्यास बोलावले' आणि 'आचाऱ्यास बोलावले' या दोन वाक्यांत गुरू येणार की स्वयंपाकी, हे एका रकारावर ठरते. संगणकाच्या पोटी वर्णांची नुसती ओळ असते. रफार डोक्यावर चढवावा की अर्धा र पापणीसारखा काढावा, याचे नियम अक्षरसंचात लिहिलेले असतात, आणि ते वाचून अक्षरे प्रत्यक्ष जुळविण्याचे काम हार्फबझ करते. डेबियन या लिनक्समध्ये 'लिबरऑफिस'मधील पत्र काय किंवा 'गिंप'मधील शुभेच्छापत्र काय, दोन्हींतील मराठी याच एका लायब्ररीतून जुळून येते. तिच्यातील एक चूक सुधारली की दोन्हीकडे सुधारते.

आता ही भांडी घरात आणावयाची कशी, ते पाहू. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियनमध्ये, तसेच तिच्या आधारावर २००४ साली निघालेल्या उबुंटूमध्ये, 'ॲप्ट' नावाचा कोठीवाला असतो. प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा रोमन लिपीत देऊन भांडाराची यादी ताजी करावी. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहून पुढे प्रोग्रॅमचे नाव द्यावे. त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या ॲप्ट आपण होऊन आणतो. भांडाराच्या यादीवर सांकेतिक स्वाक्षरी असते आणि ती पटल्यावाचून तो सहसा पुढे जात नाही. स्वतः लायब्ररी घडवून 'यूएसआर-लोकल-लिब' या कप्प्यात ठेवणाराने मात्र 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञा चालवावी; एरवी फाइल जागेवर असूनही लोडरला तिचा पत्ता लागेलच असे नाही.

पुष्कळांची गाडी अडते ती लायब्ररीच्या नावामागील आकड्यापाशी. हा आकडा शोभेचा नसतो. वापरण्याची रीतच बदलली, म्हणजे आकडा बदलतात. 'ओपनएसएसएल'ची तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली, आणि २०२२ च्या उबुंटूने ती घेऊन जुनी १.१ वगळली. जुनी मागणारे प्रोग्रॅम 'फाइल सापडत नाही' म्हणून बंद पडू लागले. अशा वेळी नव्या फाइलीला जुने नाव देऊन वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. नाव जुने झाले तरी आतील जोडणी जुनी होत नाही. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती भांडारातून घ्यावी, हाच राजमार्ग. कोठल्याही अनोळखी ठिकाणाहून सुटी लायब्ररी आणून बसविणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे.

सामायिक वस्तूचा धोकाही सामायिक असतो. एका पातेल्याची कल्हई उडाली तर साऱ्या पंगतीस बाधा होते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. २०१२ पासून तो तेथे होता, आणि त्यातून परक्यास दुसऱ्याच्या संगणकाच्या स्मृतीतील मजकूर एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत वाचता येत असे. जेथे लायब्ररी सामायिक होती तेथे एक पॅकेज बदलून संबंधित प्रोग्रॅम पुन्हा सुरू करताच भोक बुजले. पुन्हा सुरू करणे आवश्यकच, कारण चालू प्रोग्रॅम जुनीच प्रत धरून बसलेला असतो. ज्या प्रोग्रॅमांत लायब्ररी आतच मुरविलेली होती, त्यांना मात्र एकेक करून नवे करावे लागले. आज 'ॲपइमेज'सारखे प्रकार आपल्या लायब्रऱ्या शिदोरीसारख्या बरोबर बाळगतात. त्यांनी आवृत्त्यांचा तंटा मिटतो खरा, पण प्रत्येक शिदोरीची निगा निराळी राखावी लागते.

याहून चिंतेची गोष्ट २०२४ साली घडली. 'एक्सझेड' या दाबयंत्रवजा प्रोग्रॅमची लायब्ररी असंख्य लिनक्स संगणकांवर असते. तिचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एकच गृहस्थ विनामोबदला वाहत होते. मदतनीस म्हणून आलेल्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी तो जगापुढे मांडला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो अद्याप शिरला नव्हता, म्हणून मोठा अनर्थ टळला.

या प्रसंगात दोष सामायिकपणाचा नव्हता. वापरणारे लाखो आणि राखणारा एकटा, हे व्यस्त प्रमाण घातक ठरले. परप्रांतात संस्था चालविणाऱ्या आपल्या मंडळींस हे दुखणे परिचित आहे. सर्वांनाच लायब्ररी लिहिता येणार नाही. परंतु येणाऱ्या सुधारणा वेळच्या वेळी घेणे, मराठी जोडाक्षर चुकीचे उमटले तर नमुन्यासह कर्त्यांस कळविणे, संदेशांच्या मराठी अनुवादास हातभार लावणे, यांपैकी एखादे काम कोणत्याही घरातील विद्यार्थ्यास सहज करता येईल. त्याने ते करावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यास वेळ काढू द्यावा, एवढीच आमची सूचना.