जूस बाइंडिंगमधला जूस

छापखान्याच्या दरपत्रकात 'जूस बाइंडिंग' वाचलं की नवखा लेखक हमखास विचारतो, हा कसला रस? खळीत काही मिसळतात का?

काहीच मिसळत नाहीत. मूळ शब्द 'जुज'. अरबीत 'जुझ' म्हणजे भाग. तो फारसीतून आपल्याकडे आला, त्याला 'बंदी' म्हणजे बांधणी जोडून 'जुजबंदी' झाली. बाइंडरांच्या तोंडी जुजचा जूस झाला आणि फळं पिळली ती आपण, इंग्रजी शिकलेल्यांनी. खरं तर या शब्दाचा भाऊबंद आपल्या रोजच्या वापरात आहे. 'जुजबी ओळख', 'जुजबी दुरुस्ती' यांतला जुजबी त्याच घरचा: अंशापुरता, म्हणून किरकोळ.

कुराणाच्या 30 भागांनाही जुझ म्हणतात, म्हणून ही बांधणी धर्मग्रंथांचीच असेल असं काहींना वाटतं. ते भाग पठणाच्या सोयीचे. महिनाभरात रोज एक वाचला की ग्रंथ पुरा होतो. बाइंडरचा जुज म्हणजे घडी घातलेला फर्मा. मोठा कागद तीनदा दुमडला की 8 पानं, म्हणजे 16 पृष्ठं होतात. अशा प्रत्येक घडीच्या पोटातून दोरा ओवायचा, एक जुज दुसऱ्याला कण्यापाशी बांधत जायचं, आणि मग कण्यावर खळ.

खिशाला चाट लावणारा गैरसमज वेगळाच आहे: जाड पुठ्ठ्याचं पुस्तक म्हणजे शिवलेलं पुस्तक. पुठ्ठा हा अंगरखा, शिलाई आतली. फर्म्यांच्या घड्या कापून, सुट्या झालेल्या पानांना गरम डिंक फासून वर झोकदार पुठ्ठा चढवलेली पुस्तकं सर्रास मिळतात. किंमत बघून फसू नका. पुस्तक मिटून कण्याचं वरचं टोक डोळ्यांजवळ धरा. शेजारीशेजारी बसलेल्या घड्यांच्या गोलाया दिसल्या तर जुज शाबूत आहेत. मग आत बघा. 16 पृष्ठांचे जुज असतील आणि आकडे पहिल्या पृष्ठापासून धरलेले असतील, तर 8-9, 24-25, 40-41 या जोड्यांच्या मध्ये दोरा दिसायला हवा.

जुजबंदीचं पुस्तक खिळखिळं झालं तर जुना दोरा उसवून पुन्हा शिवता येतं. नुसतं चिकटवलेलं पुस्तक सुटलं की बहुतेक बाइंडर बाजूने टोचून शिवतात. मग ते पुरतं उघडत नाही, आणि आतल्या समासातल्या आपल्या पेन्सिलीच्या खुणा शिलाईखाली जातात.