हवा, पेट्रोल आणि लॅम्डा
एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोलमधल्या कार्बन आणि हायड्रोजनला जेवढा ऑक्सिजन हवा असतो, नेमका तेवढाच हवेतून मिळाला तर ज्वलनानंतर इंधनही उरत नाही आणि ऑक्सिजनही उरत नाही. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरते. म्हणजे टाकीतल्या प्रत्येक लिटरमागे इंजिन अकरा किलो, आकारमानाने नऊ हजार लिटरहून अधिक हवा ओढते. इंजिनात प्रत्यक्ष आलेली हवा आणि पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा यांच्या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे संतुलित मिश्रण. आकडा एकाच्या खाली गेला की इंधन जास्त, गॅरेजच्या भाषेत मिश्रण ‘रिच’. वर गेला की हवा जास्त, म्हणजे ‘लीन’.

सगळ्या प्रसंगांना पुरेल असे एकच प्रमाण नसते, म्हणूनच ट्यूनिंगची गरज पडते. पेट्रोल इंजिनाची सर्वाधिक ताकद लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या दरम्यान मिळते, कारण तिथे सिलिंडरमधला जवळजवळ सगळा ऑक्सिजन कामी येतो. सर्वांत चांगले मायलेज एकाच्या थोडे वर, १.०५ ते १.१ च्या आसपास मिळते. थंड इंजिनाला रिच मिश्रण लागते, कारण गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पूर्ण भाराखालीही मिश्रण मुद्दाम रिच ठेवतात. जादा इंधनाची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि व्हॉल्व्ह व पिस्टन वाचतात. याच भाराखाली मिश्रण लीन झाले तर तापमान चढते, नॉकिंग सुरू होते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. फार रिच मिश्रणाने प्लग काजळतात, धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल पेट्रोलने धुऊन निघते. नुकसान दोन्हीकडे आहे, पण लीनची चूक जास्त वेगाने आणि जास्त महागात पडते.

जवळजवळ शंभर वर्षे हे मिश्रण बनवण्याचे काम कार्ब्युरेटरने केले. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि बुडापेस्टमध्ये डोनात बांकी व यानोश चोंका यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जेटमधून इंधनाचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर घडवला. अरुंद गळ्यातून हवा जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या घटलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर ओढले जाते. साध्या जेटची अडचण अशी की हवेचा प्रवाह वाढेल तसे मिश्रण आपोआप रिच होत जाते. ते आवरायला हवेची जादा वाट, आयडलिंगसाठी वेगळा मार्ग, एकदम रेस दिल्यावर इंधनाची पिचकारी मारणारा पंप आणि थंडीसाठी चोक अशी भर पडत गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीपर्यंत हीच रचना टिकली.

या यंत्राला हवेचे वजन कळत नसे, फक्त ओढ कळे. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने कमी असते. त्यामुळे मुंबईत नीट लावलेला कार्ब्युरेटर घाट चढल्यावर रिच होतो आणि गाडी जड वाटू लागते. त्या काळचे मोजमाप कानांनी आणि डोळ्यांनी होई. आयडलिंगला मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळले की परत सोडायचा आणि जिथे ते सर्वांत मोकळे फिरेल तिथे थांबायचे. प्लग काढून त्याचे टोक पाहायचे: फिकट तपकिरी ठीक, कोरडे काळे रिच, पांढुरके लीन. काचेची खिडकी असलेला एक खास प्लगही मिळत असे. त्यातून सिलिंडरमधली ज्वाला दिसे आणि स्क्रू फिरवताना ती पिवळ्याची निळी होई. जाणत्या मेकॅनिकचा कान या कामात फार बारीक फरक पकडायचा, पण कान ऐकतो ते आयडलिंगला. पुढच्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये, त्याच जेटमधून काय जाते हे त्याला सांगता येत नसे.

पहिला आकडा मिळाला तो धुरातून. अवरक्त किरण कार्बन मोनॉक्साइडमध्ये ठरावीक तरंगलांबीवर शोषले जातात, या गुणावर चालणारे मापक सायलेन्सरमध्ये नळी घालून वायूचे प्रमाण टक्क्यांत दाखवते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये चारचाकी पेट्रोल गाडीसाठी आयडलिंगची मर्यादा ३ टक्के ठरली आणि पीयूसी केंद्रांवर हेच मापक पोहोचले. मात्र त्याची एक बाजू आंधळी आहे. मिश्रण रिच होईल तसा कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो, पण एकदा लीन झाले की आकडा तळाशीच पडून राहतो. किती लीन, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

त्या उत्तराकडे नेणारे साधन झिर्कोनियाच्या सिरॅमिकमधून आले. गरम झिर्कोनियाच्या दोन बाजूंना ऑक्सिजन कमीजास्त असेल तर त्यांच्यात विद्युतदाब निर्माण होतो, आणि किती होतो ते वॉल्थर नेर्न्स्ट यांच्या समीकरणाने काढता येते. एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्ट, अशी ही नळी बॉशने तयार केली. १९७६ मध्ये व्होल्वोने ती कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बसवली. कारण होते थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही एकाच वेळी निपटायचे तर मिश्रण लॅम्डा १ च्या अगदी अरुंद पट्टीत राहावे लागते. कार्ब्युरेटरला ही अचूकता साधणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून त्याची जागा हळूहळू संगणकाने चालणाऱ्या इंधन इंजेक्शनने घेतली.

हा सेन्सर रिच मिश्रणात सुमारे ०.९ व्होल्ट, लीनमध्ये सुमारे ०.१ व्होल्ट देतो आणि १ च्या आसपास एकदम उडी मारतो. म्हणजे तो ‘रिच’ किंवा ‘लीन’ एवढेच सांगतो. इंजिनाचा संगणक त्यावरून इंधन थोडे कमी, थोडे जास्त करत राहतो आणि सरासरी १ वर धरतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसखाली सेन्सर काम देत नाही, म्हणून पुढे त्यात हीटर आला. पेट्रोलमधले शिसे सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्हींना मारते. त्यामुळेच भारतात १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबत आणावे लागले.

ट्यूनिंगला खरा उपयोग वाइडबँड सेन्सरचा. बॉशने तो १९९४ मध्ये बाजारात आणला. त्यात झिर्कोनियाचा दुसरा कक्ष पंपासारखा चालतो. बारीक फटीत आलेल्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन भरून किंवा उपसून तो तिथले मिश्रण कायम लॅम्डा १ वर ठेवतो. त्यासाठी लागलेला प्रवाह मोजला की मूळ मिश्रण किती रिच वा लीन होते, ते आकड्यात कळते.

मात्र हा सेन्सर इंधन मोजत नाही. तो मोजतो ऑक्सिजन, बाकी सारा हिशेब असतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याने ट्यूनिंगला हात लावू नये. एक प्लग मिसफायर झाला की त्या सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सरला मोकळा ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘लीन’ म्हणतो, प्रत्यक्षात मिश्रण बरोबर किंवा रिचसुद्धा असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जोड गळका असेल तर दाबाच्या लाटांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुन्हा तीच चूक. इथेनॉलचेही तसेच आहे. शुद्ध इथेनॉलला संतुलित ज्वलनासाठी सुमारे ९ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. पेट्रोलच्या मापाने आखलेला मीटर मात्र त्या इंधनावरही १४.७ च दाखवतो. म्हणून प्रमाणाऐवजी लॅम्डाच वाचणे शहाणपणाचे. इंधन बदलले तरी १ चा अर्थ बदलत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण एका तक्त्यात लिहिलेले असते: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला भार, आणि प्रत्येक चौकटीत इंधनाचा आकडा. ट्यूनर डायनोवर, म्हणजे चाकांना भार देणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, गाडी एका चौकटीत स्थिर धरतो, लॅम्डा वाचतो, आकडा सुधारतो आणि पुढे सरकतो. हलक्या भाराकडून जड भाराकडे जायचे आणि जड भाराचे मिश्रण आधी रिच ठेवून मग इंधन हळूहळू कमी करायचे, हा क्रम सुरक्षित. रोजच्या दुरुस्तीत स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिम उपयोगी पडतो. संगणक इंधनात किती टक्के दुरुस्ती करतो आहे ते त्यात दिसते. आयडलिंगला ट्रिम वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत येते आहे. उलट भाराबरोबर ट्रिम चढत असेल तर पंप किंवा फिल्टर इंधन पुरवू शकत नाही.

तपासणीतही आता लॅम्डा आहे. बीएस-४ (भारत स्टेज ४) आणि पुढच्या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगखेरीज सुमारे २५०० आरपीएमवर लॅम्डा १, अधिक-उणे ०.०३, या मर्यादेत असावा लागतो. हा आकडा गाडीतल्या सेन्सरवरून येत नाही. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन हे चार वायू मोजून तो गणिताने काढतात. न जळलेले इंधनही हिशेबात धरले जात असल्याने मिसफायर या गणिताला फसवत नाही. कन्व्हर्टर वायूंची अदलाबदल करतो, पण एकूण लॅम्डा तोच राहतो, त्यामुळे टेलपाइपवरचा आकडा इंजिनालाही लागू पडतो. गळका सायलेन्सर मात्र इथेही आकडा लीनकडे ढकलतो. म्हणून नळी घालण्याआधी पहिले काम म्हणजे इंजिन चालू ठेवून सायलेन्सरचे सगळे जोड तपासणे.