वर्गाचे दार आणि अध्यापकाची खुर्ची

विद्यामंदिराचे दार उघडणे ही एक गोष्ट, आणि आत आलेल्यास त्याच्या योग्यतेचे आसन देणे ही दुसरी. पहिली गोष्ट कायद्याने साधते. दुसरी मात्र, निवड करणाऱ्याच्या लेखणीवर समाजाची नजर असल्यावाचून सहसा साधत नाही. या दोहोंतील अंतर दलित स्त्रीच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

प्रथम एक साधे उदाहरण पाहावे. दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची वसाहत. येथील घर कोणाला मिळावे, हे वेतनश्रेणी आणि प्रतीक्षायादीतील क्रम यांवरून ठरते. अर्जदाराचे आडनाव वाटप करणाऱ्यास रुचते की नाही, याला तेथे वाव नसतो. शेजारी काय म्हणतात हा प्रश्न निराळा. पण घराची किल्ली हाती येते. नियम लिहिलेला, उघड आणि मोजता येण्याजोगा असला म्हणजे न्याय निदान उंबरठ्यापर्यंत तरी पोहोचतो. महाविद्यालयातील अध्यापकाची निवड मात्र बंद दाराआड, मुलाखतीने होते. आणि तेथे अलिखित नियमांचे राज्य सुरू होते.

दार उघडण्याची कथा महाराष्ट्रात जुनी आहे. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया तेथे जमल्या, आणि मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे मांडला. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू लागली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत, तर औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. दार असे एकेक करून उघडत गेले.

आत गेल्यावर काय घडले, याची साक्ष नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. महार कुटुंबात जन्मलेल्या या मुलीने संस्कृत विषय घेतला आणि ती त्या विषयात उत्तम रीतीने एम. ए. झाली. ज्या भाषेचे श्रवणही तिच्या पूर्वजांना निषिद्ध होते, तीच भाषा तिने आपली केली. शाळेत तिला मनापासून संस्कृत शिकविणारे गोखले गुरुजी जुन्या वळणाचे ब्राह्मण होते, हेही विसरता कामा नये. परंतु पदवी मिळूनही सुमारे दोन वर्षे तिला अध्यापकाची जागा मिळाली नाही. पुढे तिचा आंतरजातीय विवाह झाला. माहेरचे ‘सोमकुवर’ हे नाव जाऊन ‘पावडे’ हे नाव आले, आणि मग थोड्याच काळात नेमणूकही झाली. या नेमणुकीचे श्रेय त्यांनी स्वतः आपल्या विद्वत्तेस दिले नाही. बदललेल्या आडनावास दिले. पदवी तीच, बुद्धी तीच, वाणी तीच. बदलले होते केवळ नाव. निवडीच्या दालनात नेमके काय तोलले जाते, हे याहून स्पष्ट कोणता पुरावा सांगेल?

हा अनुभव केवळ भारताचा नव्हे. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच अमेरिकेत १९२१ साली सॅडी मॉसेल या कृष्णवर्णीय विदुषीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळविली. विद्यापीठाने पदवी दिली. पण त्या विषयाच्या अध्यापनाचे दार तिला बंदच राहिले. एका कृष्णवर्णीयांच्या विमा कंपनीत तिने नोकरी धरली, आणि पुढे कायद्याचा अभ्यास करून ती वकील झाली.

असे का होते, याची मीमांसा किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकन कायदेपंडितेने १९८९ साली केली. एखाद्या कारखान्यात यंत्रांवर कृष्णवर्णीय पुरुष आणि कचेरीत गोऱ्या स्त्रिया काम करीत असतील, तर मालक म्हणू शकतो, “येथे वर्णभेद नाही आणि स्त्रीपुरुषभेदही नाही.” मात्र कृष्णवर्णीय स्त्रीला दोन्हीकडे जागा नसते. दोन रस्ते मिळतात त्या चौकात ती उभी असते आणि दोन्हीकडचे धक्के तिला बसतात. ‘स्त्रिया’ म्हणून मोजावे तर वरच्या जातींच्या स्त्रिया पुढे येतात. ‘दलित’ म्हणून मोजावे तर पुरुष पुढे येतात. दलित स्त्री या दोन्ही बेरजांत हरवते.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणारे ४.३३ कोटी विद्यार्थी होते. त्यांत अनुसूचित जातींचे ६६.२३ लाख, म्हणजे शंभरांत सुमारे पंधरा. आणि त्यांपैकी ३१.७१ लाख, म्हणजे जवळजवळ निम्म्या, मुली होत्या. ही प्रगती लहान नव्हे. पण अध्यापकांत अनुसूचित जातींचे प्रमाण शंभरांत नऊच होते. वर्गातील बाक भरले, तरी समोरची खुर्ची मागेच राहिली. जागा राखीव असली, तरी मुलाखतीअंती ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा पडला की ती रिकामी राहते. आणि ‘योग्य’ म्हणजे काय, हे कोठेही लिहिलेले नसते.

म्हणून समतेचे मोजमाप प्रवेशाच्या यादीवर थांबता उपयोगाचे नाही. निवडीचे निकष आधी प्रसिद्ध व्हावेत, नाकारण्याची कारणे लेखी द्यावीत, आणि निवड समितीत दलित स्त्रीही बसावी. या मागण्या दयेच्या नव्हेत. त्या हिशेबाच्या आहेत. नेमणुकीसाठी आडनाव बदलावे लागणार नाही, त्या दिवशी उघडलेल्या दाराला खरा अर्थ प्राप्त होईल.