घराची दुरुस्ती करताना डोळे आणि छाती सांभाळा

सुगी आटोपली, माल बाजारात गेला, हाती चार पैसे आले की घराच्या डागडुजीचे वेध लागतात. कुठे माळवद उतरवून स्लॅब टाकायचा असतो, कुठे जुना गिलावा खरवडून नवा करायचा असतो, तर कुठे घरात लग्नकार्य निघाले म्हणून रंगसफेदी असते. सिमेंट, वाळू, विटा, गवंड्याची मजुरी यांचा हिशेब आपण पै-पैचा मांडतो. पण त्या यादीत दोन जिनसा सहसा नसतात. एक डोळ्यांचा बंद चष्मा आणि दुसरा नाका-तोंडाचा मास्क. सिमेंटच्या एका पोत्याच्या किमतीत एक चष्मा आणि दोन-तीन चांगले मास्क येतात. ते कसे निवडावेत, ते पाहू.

बारीक धूळच घातक

भिंत पाडताना जो लोट उठतो त्याला आपण भितो. परंतु त्यातली जाड धूळ नाकातच अडते आणि नाक शिंकरले की बाहेर पडते. खरी घातक धूळ बारीक असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासाबरोबर छातीत खोल जाऊ शकतात. काम थांबल्यावर खोली स्वच्छ वाटते, पण कौलाच्या फटीतून कवडसा पडला की त्यात तरंगणारे कण दिसतात. बंद खोलीत ते तासन् तास हवेत राहतात.

वाळू, विटा, काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल्स यांत सिलिका असते. ग्राइंडरने हे कापले किंवा घासले की सिलिकाची बारीक पूड उडते. ती वर्षानुवर्षे छातीत जात राहिली तर फुप्फुसे निबर होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही आणि अशा माणसाला क्षयही लवकर गाठतो. १९९७ साली या धुळीची गणना कर्करोग करणाऱ्या पदार्थांत झाली. तुमच्या घरचे काम पंधरा दिवसांत संपेल, पण गवंडी आणि बिगारी हीच धूळ बाराही महिने खातात. म्हणून मास्क त्यांच्यासाठी आधी घ्या.

तोंडाला काय बांधावे?

उपरणे, टॉवेल किंवा पदर तोंडाला बांधण्याची आपली रीत आहे. त्याने जाड धूळ अडते, बारीक धूळ आरपार जाते. कापड ओले केले तरी भरवसा नाही. दवाखान्यात वापरतात तो पातळ निळा मास्कही या कामाचा नव्हे, कारण तो गालाशी उघडा राहतो आणि हवा बाजूने आत शिरते.

२०२० सालच्या करोनाच्या साथीपासून एन-९५ हे नाव घरोघरी झाले. बरोबर बसवला तर हा मास्क हवेतले अगदी बारीक कणही शंभरात किमान ९५ अडवतो. एफएफपी २ हा साधारण त्याच तोडीचा, एफएफपी १ त्याहून हलका आणि एफएफपी ३ सर्वांत सरस. घेताना मास्कवर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का, ते पाहावे. कानाला अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागून दोन पट्टे घ्यायचा मास्क घट्ट बसतो.

कामाप्रमाणे निवड अशी करावी :

० झाडलोट, माती-विटांची वाहतूक : किमान एफएफपी १, एन-९५ असेल तर उत्तम.

० गिलावा खरवडणे, भिंत पाडणे, वायरिंगसाठी झिरी मारणे : एन-९५ किंवा एफएफपी २.

० ग्राइंडरने टाइल्स, ग्रॅनाइट, काँक्रीट कापणे : एफएफपी ३.

० दारे-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट : त्यात शिसे असू शकते. कोरडा घासू नये. ओल्या पॉलिश पेपरने घासावा आणि मास्क लावावा. लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

० जुने सिमेंटचे पत्रे : यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते फोडू, कापू वा घासू नयेत. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत. उतरवणाऱ्याने एफएफपी ३ लावावा. तुकडे शेतरस्त्याच्या खड्ड्यात भरण्याची चाल आहे, ती सोडावी. चाकाखाली त्यांचा भुगा होऊन पुन्हा हवेत उडतो.

मास्क बसला की नाही?

महाग मास्क सैल बसला तर तो फुकट गेला. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी. मग दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा लागली तर पुन्हा बसवावा. पुढे झडप असेल तर श्वास सोडण्याऐवजी जोराने आत घ्यावा, मास्क तोंडाकडे ओढला गेला पाहिजे. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आधी मास्क, मग चष्मा. चष्म्याच्या काचेवर वाफ धरू लागली तर समजावे की मास्क नाकापाशी सैल आहे.

असा मास्क धुऊन वापरू नये, पाण्याने त्याची ताकद जाते. श्वास घ्यायला जड वाटू लागले, मास्क ओला झाला किंवा फाटला की नवा घ्यावा. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या माणसांनी मास्कच्या भरवशावर धुळीत राहू नये. त्यांना आणि मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावे.

डोळ्यांसाठी

नंबरचा चष्मा किंवा काळा गॉगल म्हणजे संरक्षण नव्हे. त्याच्या कडेने खडा सहज आत शिरतो. चारही बाजूंनी चेहऱ्याला चिकटणारा, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा चष्मा घ्यावा. त्याची हवेची भोके सरळ आरपार नसावीत, आडोशाची असावीत, म्हणजे धूळ आणि चुन्याचे थेंब आत येत नाहीत. आयएस ५९८३ हे डोळ्यांच्या संरक्षणाचे भारतीय मानक आहे. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी त्यावरून बसणारा मोठा चष्मा मागावा. ग्राइंडर चालवताना या चष्म्यावर आणखी तोंडभर पारदर्शक ढाल लावावी.

सर्वांत जास्त जपावे ते चुन्याला. कळीचा चुना विरवताना तो उकळून उडतो, आणि छताला सफेदी देताना थेंब थेट डोळ्यात पडतो. चुना डोळ्याची बाहुली जाळतो आणि आत आत जात राहतो. असे झाले तर डोळा चोळू नका. दूध, तूप, मध, एरंडेल काही घालू नका. पापणी उघडी धरून ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार धरा, किमान अर्धा तास. पापणीखाली खडे राहिले असतील तर तेही पाण्याने वाहू द्या. मगच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. इथे दवाखाना गाठण्याआधी पाणी. सफेदीच्या दिवशी भरलेली कळशी आणि तांब्या हाताशी हवाच.

पाणी हा पहिला उपाय

मास्क शेवटची राखण आहे. आधी धूळच कमी उठू द्यावी. वीज बंद करून भिंत झारीने भिजवून घ्यावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, राडारोडा पाणी शिंपडून भरावा. औषध मारायचा फवारणी पंप मात्र यासाठी घेऊ नये. संध्याकाळी कोरडा झाडू मारला की खाली बसलेली सारी धूळ पुन्हा वर येते, आणि ती बहुधा घरच्या बाईच्या छातीत जाते. तेव्हा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. झाडणारीनेही मास्क लावावा. अंगावरचे धुळीचे कपडे बाहेर बदलून मगच लेकरू कडेवर घ्यावे.

जिथे हा मास्क चालत नाही

एक गोष्ट जिवाची आहे. हा मास्क धूळ अडवतो, विषारी वायू अडवत नाही आणि प्राणवायूही देत नाही. थिनरच्या वाफेला, कीटकनाशकाला तो पुरत नाही. धान्याचे पेव, जुनी विहीर, गोबरगॅसची टाकी यांत हा मास्क लावून कोणीही उतरू नये. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये.

तेव्हा या उन्हाळ्यात काम काढाल, तेव्हा सामानाच्या यादीत सिमेंटच्या खालीच दोन ओळी लिहा : चष्मे किती, मास्क किती. घरची किती माणसे धुळीत असतील आणि मजूर किती, ते मोजा आणि तेवढे आणा. मजूर "सवय आहे" म्हणेल. सवय हाताला होते, छातीला होत नाही. तुम्ही स्वतः मास्क लावून पुढे उभे राहा, म्हणजे तोही लावील.