स्पोर्ट्स कारचा विमा आणि घरातली विसरलेली सवलत

व्यापारी घरात स्पोर्ट्स कार येते ती बहुधा दोन पिढ्यांच्या वाटाघाटीतून. मुलाला इंजिनाचा आवाज खुणावत असतो, वडिलांच्या डोळ्यांपुढे हिशोब असतो. किंमत ठरते, रंग ठरतो, कर्जाचा व्याजदर पाव टक्का खाली यावा म्हणून बँकेत चार खेपा होतात. मात्र ज्या विम्यावर पुढे दरसाल पैसा जाणार, त्याच्या कागदावर शोरूममध्ये चहाचा पेला हातात असतानाच सही होते. पोत्यामागे चार आण्यांचा फरक ओळखणारी माणसे येथे आकड्याकडे पाहतसुद्धा नाहीत. ‘महागडी गाडी म्हटल्यावर विमा महागच असणार’ ही समजूत त्यामागे असते. ती अर्धीच खरी आहे.

मोटार विम्याचे दोन भाग असतात आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा असतो. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याची जी हानी होईल तिच्या भरपाईचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो कायद्याने सक्तीचा नाही, पण लाखो रुपयांची गाडी त्याच्यावाचून कोणी ठेवत नाही.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,५०० सीसीपेक्षा मोठे इंजिन असलेल्या खासगी मोटारीला वर्षाला ७,८९७ रुपये पडतात, त्यावर जीएसटी वेगळा. या वर्गाला वरची मर्यादाच नाही. फोर्डची मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा दिल्लीतील शोरूमची किंमत ६५ लाख रुपये होती आणि इंजिन जवळपास पाच लिटरचे. तरीही तिचा थर्ड पार्टीचा दर आणि एखाद्या दोन लिटरच्या डिझेल कौटुंबिक गाडीचा दर एकच. गाडी नवी असेल तर हा भाग एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत आली. मोठ्या इंजिनासाठी ती रक्कम २४,५९६ रुपये होते. येथे घासाघीस करण्यासारखे काही नाही आणि तक्रार करण्यासारखेही नाही. इतक्या पैशांत दुसऱ्याच्या मृत्यूची वा दुखापतीची भरपाई, न्यायाधिकरण ठरवील तेवढी, विमा कंपनी उचलते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. काही वेळा किरकोळ सवलतीच्या मोबदल्यात ती सहा हजारांवर आणण्याचा पर्याय पुढे केला जातो. ताशी शंभराचा वेग चार-पाच सेकंदांत गाठणाऱ्या गाडीच्या मालकाने तो स्वीकारणे म्हणजे गोदामाला लाकडी अडसर लावून निश्चिंत झोपण्यासारखे आहे.

खरा खर्च दुसऱ्या भागाचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले. त्याआधीच्या दरपत्रकात मोठ्या इंजिनाच्या नव्या गाडीला मुंबई-पुण्यात तिच्या विमा मूल्याच्या सुमारे ३.४ टक्के हप्ता पडत असे. आज प्रत्येक कंपनी त्यातून आपापली सूट देते. लंडनला शिकणारा भाचा सांगतो की तिकडे विशीतल्या चालकाला वयामुळेच भरमसाट हप्ता मोजावा लागतो. आपल्याकडे मुख्य भार गाडीच्या मूल्यावर असतो. चालवणारा कोण, याला त्या मानाने कमी वजन आहे.

हे मूल्य म्हणजे आयडीव्ही. उत्पादकाच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ते काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून पुढे गेला, तर हाती येणारी रक्कम या आकड्यावरच ठरते. म्हणून ‘शेठजी, हप्ता कमी करून देतो’ असे म्हणणारा प्रतिनिधी आयडीव्ही खाली ओढत असेल, तर तो सवलत देत नसून माल कमी तोलत आहे. ६४ लाखांची गाडी ५४ लाखांवर दाखवली की हप्ता वीसेक हजारांनी उतरतो आणि गाडी गेली तर घरचे दहा लाख जातात.

मग हप्ता प्रामाणिकपणे उतरतो कशाने? सर्वात मोठा मार्ग नो क्लेम बोनसचा. ज्या वर्षी दावा केला नाही त्याच्या पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. यातली एक गोष्ट शिकल्यासवरल्या घरांतही ठाऊक नसते. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तरी तो मालकाकडे राहतो आणि त्याच्या पुढच्या मोटारीला लागू होतो, कंपनी बदलली तरीही.

समजा, पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेले एक कुटुंब आहे. वडिलांच्या नावावर आठ वर्षांची साधी सेडान आहे, दावा कधी केलेला नाही, बोनस ५० टक्के. त्या जुन्या गाडीचे मूल्य चार लाख आणि बोनसाआधीचा हप्ता दहा हजार धरला, तर बोनस वर्षाला पाच हजार वाचवतो. आता घरात ८० लाखांची स्पोर्ट्स कार येणार आहे आणि तिच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १ लाख ६० हजार सांगितला गेला आहे. गाडी मुलाच्या नावावर घेतली तर तो पूर्ण भरावा लागेल, कारण मुलाच्या खात्यात बोनस नाही. वडिलांनी सेडान विकून नवी गाडी आपल्या नावावर घेतली, तर तोच ५० टक्क्यांचा बोनस ८० हजार रुपये वाचवतो. विकलेल्या गाडीबरोबर तो कोणी मागत नाही आणि खरेदीदाराला मिळतही नाही. मालकाने मागितला नाही तर विनावापर विरून जातो.

त्यासाठी करायचे फार थोडे. जुन्या गाडीच्या नावबदलाचा पुरावा दाखवून तिच्या विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते. एकच बोनस एका वेळी दोन गाड्यांवर वापरता येत नाही, त्यामुळे सेडान दाराशीच ठेवायची असेल तर हा मार्ग खुंटतो. निदान ती पत्नीच्या वा मुलाच्या नावावर रीतसर करावी लागते. गाडी वडिलांची आणि चालवणार मुलगा, यात लपवाछपवी काही नाही. मालकाच्या संमतीने वैध परवानाधारकाने चालवलेल्या गाडीला आपल्याकडील पॉलिसी संरक्षण देते. लपवाछपवी होते ती पूर्वीचा दावा दडवून बोनस सांगितला तर. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि खोटे उघडे पडते, ते नेमके भरपाई मागण्याच्या वेळी.

बोनस मिळवण्याइतकेच तो टिकवणे महत्त्वाचे, आणि येथे पेढीवरचे शहाणपण बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. बंपरला ओरखडा गेला, वर्कशॉपने ४५ हजार सांगितले की लगेच दावा दाखल होतो. ‘विमा भरतोच आहोत ना!’ वरच्याच उदाहरणात हिशोब करावा. पन्नास टक्क्यांवर असलेला बोनस एका दाव्याने शून्यावर येतो. पुढच्या वर्षी ५० टक्के गेले. त्यानंतर २० मिळतात पण ३० गमावलेले असतात, मग २५, मग १५, मग ५. एकूण १२५ टक्के. म्हणजे मूळ हप्ता १ लाख ६० हजारच धरला तर पाच वर्षांत दोन लाख. गाडीचे मूल्य घटते तसा हप्ताही घटतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून खाली येईल, पण ४५ हजारांच्या कितीतरी वर राहील. छोटी झीज गल्ल्यातून आणि आग लागली तर विमा, हे दुकानाच्या बाबतीत कोणाला शिकवावे लागत नाही. हेच धोरण कागदावर आणण्याचा उपाय म्हणजे ऐच्छिक वजावट. प्रत्येक दाव्यातील पहिली ठरावीक रक्कम आपण सोसू, असे लिहून दिले की कंपनी हप्त्यात सूट देते. वजावट वाढवताना सूट किती वाढते हे दोन-तीन कंपन्यांकडून विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी ती नाममात्र असते.

गाडी पेढीच्या नावावर घ्यावी का, हा प्रश्न या घरांत हमखास निघतो. प्राप्तिकरात घसारा मिळतो, हे खरे. पण भागीदारी पेढी किंवा कंपनी ही वेगळी व्यक्ती. वडिलांचा बोनस तिला मिळत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही नोंदणीकृत मालक स्वतः माणूस असेल तरच मिळतो. अशा मोटारीवरच्या आणि तिच्या विम्यावरच्या जीएसटीची वजावट कायद्याने सामान्यतः रोखलेली आहे, आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील मोटारीला रस्ता कर चढ्या दराने लागतो. चार्टर्ड अकाउंटंटने घसाऱ्याचा फायदा मांडला की त्याच कागदावर ही बाजूही मांडून घ्यावी. एकल मालकीच्या व्यवसायात मालक आणि माणूस एकच असल्याने बोनसाची अडचण येत नाही.

पुरवणी संरक्षणांची यादी लांबलचक असते. तीतील तीनच या गाडीला खरोखर लागतात. पहिले झिरो डेप्रिसिएशन. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. स्पोर्ट्स कारचा एक हेडलॅम्प स्कूटरच्या किमतीशी बरोबरी करतो, तेव्हा ही कपात परवडत नाही. दुसरे रिटर्न टू इनव्हॉइस, ज्यात गाडी गेल्यास घसारा न लावता खरेदीची किंमत आणि सामान्यतः नोंदणी व रस्ता करही परत मिळतो. तिसरे इंजिन संरक्षण. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. पुराचे नुकसान साध्या पॉलिसीत येते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नात इंजिनाने पाणी ओढून घेतले, तर ते परिणामी नुकसान म्हणून नाकारले जाते. जमिनीलगत बसणाऱ्या गाडीला हिंदमाता किंवा मिलन सबवेचे गुडघाभर पाणीही पुरे होते. जी गाडी चातुर्मासभर आच्छादनाखालीच राहते, तिच्यासाठी जुलै २०२२ पासून विमा नियामकाने मान्य केलेली, किलोमीटरच्या वापरावर हप्ता आकारणारी योजना विचारण्याजोगी आहे.

कितीही हप्ता भरला तरी काही गोष्टी विकत मिळत नाहीत. शर्यत आणि वेगचाचणी साध्या पॉलिसीत वगळलेल्या असतात. म्हणजे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मित्रांबरोबर घालवलेला रविवार स्वतःच्या जोखमीवर. सायलेन्सर बदलणे, इंजिनाची शक्ती वाढवून घेणे हे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरले तर कायद्यानेही अडचण आणि दाव्यालाही. मद्यपान केलेल्या किंवा परवाना नसलेल्या चालकाच्या अपघातात स्वतःच्या गाडीची भरपाई बुडते. तिऱ्हाइताला दिलेले पैसेही कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले आणि ती गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला. तेव्हापासून या विषयावर घराघरांत बोलणे होते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १९९अ सांगते की अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. चावी कोठे टांगलेली असते, हा विम्याच्या फॉर्मवर नसलेला प्रश्न आहे.

नव्या गाडीऐवजी जुनी घेण्याकडे आता कल वाढतो आहे. त्यात विम्याची एक फट हमखास राहते. गाडी हस्तांतरित झाली की थर्ड पार्टीचे संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे जाते, पण स्वतःच्या नुकसानीचे जात नाही. त्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत अर्ज करावा लागतो आणि आधीच्या मालकाला मिळालेल्या बोनसाची उरलेल्या मुदतीपुरती रक्कम भरून द्यावी लागते. आपल्याकडे राखून ठेवलेल्या बोनसाचे पत्र असेल तर ते याच वेळी पुढे करावे. मस्टँगसारख्या आयात गाडीत आणखी एक पाहायचे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्या गाडीचे सुटे भाग बाहेरून येतात, तिचा संपूर्ण विमा उतरवायला काही कंपन्या का-कू करतात, आणि पाच वर्षांपुढच्या गाडीचे मूल्य तक्त्यावर नव्हे तर उभय पक्षांच्या संमतीवर ठरते. म्हणून नोंदणी क्रमांक देऊन, आयडीव्ही आणि झिरो डेप्रिसिएशन मिळते की नाही हे लिहिलेली किमान दोन कोटेशने हाती आल्याशिवाय विसार देऊ नये.